घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या: बंदुकीत न गेलेल्या वजनाचे काय करावे

प्रश्न असा आला आहे: छंद म्हणून घरी शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतणाऱ्या एका गृहस्थांकडे सुरकुतलेल्या, अर्धवट भरलेल्या, वजनात न बसलेल्या गोळ्यांचे दोन-तीन डबे साठले आहेत. नेमबाजी आता सुटली आहे. भंगारात द्यायला मन होत नाही. घरात किंवा दुसऱ्या एखाद्या छंदात त्यांचा काही उपयोग होईल का?

होईल, आणि चांगला होईल. पण गोळीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहू नका, वजन म्हणून पाहा. मी बरीच वर्षे शिसे ओतत आलो आहे आणि त्याहून जास्त काळ लाकूडकाम आणि मॉडेलकाम करतो आहे. या दोन्हींमुळे माझे एक मत पक्के झाले आहे. ओतीव गोळी हा आयता मापून ठेवलेला पासंग आहे. एकाच साच्यातून, एकाच मिश्रधातूतून निघालेल्या नीट भरलेल्या गोळ्यांच्या वजनात टक्क्याभराचाच फरक पडतो. म्हणजे गोळ्या मोजल्या की वजन मोजून होते. लोखंडाचे तुकडे, नटबोल्ट, वाळू यांच्यात ही सोय नाही.

आधी दोन गोष्टी नक्की करून घ्या. डब्यात फक्त उघड्या, शिशाच्या गोळ्याच आहेत ना? एखादेही भरलेले काडतूस त्यात मिसळलेले असेल तर ते उघडायचे नाही, कापायचे नाही, तापवायचे तर नाहीच. ते वेगळे काढा आणि तुमच्याकडच्या परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना विचारून त्याची सोय लावा. दुसरे म्हणजे काही देशांत नुसती गोळीही शस्त्रकायद्याच्या कक्षेत येते. आपल्याकडचा नियम माहीत करून घ्या, मगच पुढे जा.

आता वजनांकडे. गोळ्यांच्या दुनियेत वजन ग्रेनमध्ये सांगतात. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. १२४ ग्रेनची नऊ मिलिमीटरची गोळी ८ ग्रॅमची, १५८ ग्रेनची अडतीसची (.३८ कॅलिबर या मापाची) गोळी १०.२ ग्रॅमची आणि २३० ग्रेनची पंचेचाळीसची (.४५ कॅलिबरची) जवळजवळ १५ ग्रॅमची. ही आकडेवारी साच्यावर लिहिलेली असते. तुमच्या गोळ्या तेवढ्याच भरतील असे मात्र नाही. शुद्ध शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. पण गोळी कडक व्हावी म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील घालतात, आणि हे दोन्ही धातू शिशापेक्षा बरेच हलके आहेत. छापखान्यातल्या जुन्या खिळ्यांच्या धातूतून ओतलेली गोळी त्याच साच्यातल्या मऊ शिशाच्या गोळीहून हलकी भरते. म्हणून प्रत्येक डब्यातल्या नीट भरलेल्या वीस गोळ्या एकत्र तोला, विसाने भागा आणि तो आकडा डब्यावर लिहून ठेवा. पुढचे सगळे काम या आकड्यावर चालते. मऊ की कडक हे ओळखायला नख पुरते. नखाने सहज ओरखडा उठला तर जवळजवळ शुद्ध शिसे, नख घसरले तर मिश्रधातू.

शिशाबद्दल एक गैरसमज मला पुन्हा पुन्हा भेटतो. लोक डबाभर गोळ्या एखाद्या पोकळीत ओततात आणि शिशाइतके वजन मिळाले असे धरून चालतात. तसे होत नाही. सैल ओतलेल्या गोल गोळ्या जागेचा सुमारे ६० ते ६४ टक्के भागच व्यापतात, बाकी हवा. हिशेब केला तर सरासरी घनता ७ च्या आसपास येते, आणि भरीव लोखंडाची घनता ७.८७ आहे. म्हणजे जागा मुबलक असेल तर लोखंडाची सळई कापून ठेवणेच बरे. ते स्वस्त, निर्विष आणि वजनालाही सरस. शिशाचा फायदा दिसतो तो अडचणीच्या जागी: जिथे एकच भोक पाडता येते आणि त्यात एक भरीव तुकडा घट्ट बसवायचा असतो, किंवा जिथे पाच-दहा ग्रॅमने वजन वाढवत-कमी करत नेमका तोल साधायचा असतो. ही कसोटी लावली की निम्म्या कल्पना आपोआप गळून पडतात, आणि ज्या उरतात त्या खरोखर उपयोगाच्या असतात.

माझ्या दृष्टीने पहिला मान मॉडेल विमानाच्या नाकाचा. विमानाचा गुरुत्वमध्य ठरलेल्या जागेच्या मागे गेला की ते आकाशात बेभरवशाचे होते, शेपूट खाली टाकते आणि नियंत्रणाबाहेर जाते. उपाय म्हणजे नाकात वजन. किती, ते अंदाजाने ठरवू नका. समजा विमान १२०० ग्रॅमचे आहे आणि तोल हव्या त्या जागेच्या १२ मिलिमीटर मागे पडतो आहे. वजन ठेवायची जागा त्या हव्या बिंदूपासून ३०० मिलिमीटर पुढे आहे. १२०० गुणिले १२ भागिले ३०० म्हणजे ४८ ग्रॅम. आठ ग्रॅमच्या सहा गोळ्या. आधी त्या टेपने बाहेरून चिकटवा, पंखांखाली दोन बोटांवर विमान तोलून पाहा, हवी तर एखादी कमी-जास्त करा आणि मगच आत बसवा. वजन जितके पुढे तितके कमी लागते, म्हणून शक्य तितके नाकाच्या टोकाशी जा. शिसे इथे शोभते ते याच कारणाने. अगदी टोकाच्या त्या चिंचोळ्या पोकळीत लोखंडाचे ४८ ग्रॅम मावत नाहीत.

हाच विचार दुर्बिणीला लागू होतो. डॉब्सनियन पद्धतीच्या, म्हणजे साध्या खोक्यासारख्या बैठकीवर नळी वरखाली फिरणाऱ्या दुर्बिणीला पुढे जड आयपीस (डोळा लावायचे भिंग) किंवा कॅमेरा लावला की नळी खाली झुकते, आणि तो काढला की वर जाते. मी अॅल्युमिनियमची एक नळी घेतली, दोन्ही टोकांना फिरकीची झाकणे बसवली आणि आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोळ्यांच्या कांड्या ठेवल्या. प्रत्येक कांडीत दहा गोळ्या, म्हणजे शंभरेक ग्रॅम. आयपीस बदलला की एक कांडी घाला किंवा काढा. कांड्या खडखडू नयेत म्हणून उरलेल्या जागेत फोमचा तुकडा. रात्री अंधारात, हातमोजे घातलेले असतानाही हे काम होते. विकतची सरकती वजने मी वापरून पाहिली आहेत. मला ही नळी अधिक आवडते.

बुद्धिबळाच्या मोहऱ्यांवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथेच लोक सर्वात जास्त चुका करतात. लाकडी मोहरे बुडाशी जड असले की हातात वेगळेच वाटतात, धक्का लागला तरी डुलून उभे राहतात. अडतीसच्या गोळीचा व्यास ९.१ मिलिमीटर असतो, त्यामुळे प्याद्याच्या बुडाला १० मिलिमीटरचे भोक पाडले की ती आत उतरते. राजा-वजीराला तीन भोके त्रिकोणात पाडा, किंवा एकच रुंद भोक पाडून त्यात तीन गोळ्या उभ्या रचा. गोळीचे टोक वर, सपाट बूड खाली. भोक एवढे खोल ठेवा की गोळीच्या बुडावर दोन-तीन मिलिमीटर एपॉक्सीचा (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाचा) थर बसेल. वरून लोकरीचे कापड चिकटवायचे.

भोक घट्ट मापाचे पाडू नका. लाकूड ऋतूप्रमाणे आकसते आणि फुगते, शिसे त्या मानाने जागचे हलत नाही. गोळी ठोकून बसवली तर लाकूड आकसताना तिच्याभोवती ताणले जाते आणि मोहरा बुडापासून उभा तडकतो. वर्षभर नीट दिसलेला संच दुसऱ्या कोरड्या हंगामात तडकलेला मी पाहिला आहे. मिलिमीटरभर सैल जागा आणि थोडे लवचिक राहणारे एपॉक्सी एवढ्याने हे टळते. लाकूड मात्र चांगले मुरलेले हवे.

आता गोंदाबद्दल, कारण माझे सर्वात मोठे नुकसान त्याने केले आहे. सुरुवातीच्या काळात मी एका मॉडेल रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्ये वजनासाठी शिसे भरले आणि ते पांढऱ्या लाकूडगोंदाने, म्हणजे पीव्हीएने, पक्के केले. इंजिन उत्तम ओढू लागले. काही वर्षांनी बॉयलरची शिवण उकलली आणि आतून पांढरी, खडूसारखी भुकटी बाहेर येऊ लागली. आतले शिसे फुगून त्याने पातळ पितळी पत्रा फाडला होता. रेल्वे मॉडेल करणाऱ्या जुन्या लोकांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, मला तेव्हा नव्हता.

कारण साधे आहे. पीव्हीएतून हळूहळू अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सुटत राहते. हे आम्ल, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की शिशाचा कार्बोनेट बनतो, आणि तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पूर्वी रंगासाठी सफेदा नेमका याच रीतीने करीत. शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या मडक्यांवर ठेवून, भोवती शेणखत रचून, काही महिने तशाच सोडत, आणि मग वर आलेला पांढरा थर खरवडून घेत. मी नकळत माझ्या इंजिनाच्या पोटात सफेद्याचा कारखाना उघडला होता.

म्हणून नियम असे: शिशाला पीव्हीए लावू नका. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही नको, कारण तो वास त्याच आम्लाचा. एपॉक्सी चालते. ओक आणि चेस्टनटचे लाकूडही अॅसिटिक आम्ल सोडते, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला तक्ता) आणि प्लायवूड यांतूनही आम्लाच्या वाफा येतात. जहाजांच्या मॉडेलवरची शिशाची बारीक कामे बंद लाकडी कपाटात पांढरी पडून झडतात ती याचमुळे. अशा लाकडात गोळी बसवायची असेल तर आधी भोकाला आतून एपॉक्सीचा हात द्या, गोळीलाही द्या, मग बसवा.

एपॉक्सी धरण्यासाठी गोळी स्वच्छ हवी. ओतीव गोळ्यांवर बहुधा मेणाचे किंवा चरबीचे वंगण असते, खाचांत तर ते ठासून भरलेले असते. ते मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावकात) बुडवून काढा, खरवडून किंवा घासून नव्हे. घासले की बारीक कण उडतात आणि शिशाच्या कामात टाळायची मुख्य गोष्ट तीच आहे. तुमच्याकडे पावडर कोटिंग केलेल्या रंगीत गोळ्या असतील तर तुम्ही नशीबवान आहात. त्यांच्यावर भाजून पक्के केलेले आवरण आधीच असते, या कामासाठी मी त्या राखून ठेवतो. बाकीच्यांना एपॉक्सीचे किंवा लाखेचे दोन हात द्या, नाहीतर वायरवर चढवतात ती आकसणारी नळी चढवून गरम हवेने आवळा. नऊ-दहा मिलिमीटरच्या गोळ्यांना ही नळी अगदी मापात बसते आणि दोन्ही टोकांना वळते.

थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्यांसाठी एक चांगली सोय आहे. वस्तू छापताना बुडाशी गोळीच्या मापाच्या पोकळ्या ठेवा, त्या थरावर प्रिंटर थांबवा, गोळ्या घाला, छपाई पुढे सुरू करा. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक साधारण २०० अंशांना छापतात, शिसे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे गोळीला काही होत नाही. ती चारही बाजूंनी प्लास्टिकमध्ये कायमची बंद होते. माझे दिवे, कॅमेऱ्याचे स्टँड, टेपचा खोका असेच केले आहेत. गोळी थराच्या वर डोकावत नाही ना एवढे पाहा, नाहीतर प्रिंटरची तोटी तिच्यावर आपटेल.

कार्यशाळेतल्या उपयोगांत लाकडी मोगरीचा क्रमांक वरचा. मोगरीच्या डोक्यात आडवी भोके पाडा, प्रत्येकात तीन-चार गोळ्या एपॉक्सीत बसवा, तोंडावर लाकडी खुंटी ठोकून तासा. डोके लहान राहते आणि घाव जड पडतो. छिन्नीच्या बारीक कामात याने मनगट वाचते. न उसळणाऱ्या हातोडीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या पोकळ डोक्यात गोळ्या सैल ठेवतात आणि पोकळी पूर्ण भरत नाहीत. घाव बसला की डोके उलटे उसळू पाहते, त्याच क्षणी आतल्या गोळ्या मागून येऊन आदळतात आणि उसळी मरते. पण सैल गोळ्या एकमेकींवर घासून आत भुकटी होते. म्हणून असे डोके कायमचे बंद करा आणि फुटले तर घरात उघडू नका. इथे पोलादी छर्रे वापरले तर हा प्रश्नच येत नाही, काम थोडे कमी जोरदार होते इतकेच. मी स्वतः आता पोलादी छर्रेच भरतो.

धातूकाम करणाऱ्यांना मऊ शिशाचा आणखी एक गुण कामी येतो. छोट्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायचा असेल तर शिशाचा लॅप फार जुना आणि फार चांगला. पोलादी दांड्याला खाचा पाडून त्याभोवती मऊ शिसे ओततात, सिलिंडरच्या मापाला आणतात आणि तेलात कालवलेली कार्बोरंडमची (घासण्याच्या कठीण द्रव्याची) पूड त्याला लावतात. पुडीचे कण मऊ शिशात रुततात आणि समोरच्या कठीण धातूला कापत राहतात. शिसे स्वतः फारसे झिजत नाही, कण त्यात घट्ट बसलेले असतात. यासाठी नखाने ओरखडा उठणाऱ्या गोळ्या निवडा. व्हाइसच्या (वस्तू पकडायच्या शिकंजाच्या) जबड्यांवर बसवायला मऊ शिशाच्या पट्ट्याही अशाच उपयोगी. बोल्टचे आटे किंवा कानस धरताना त्या दबतात आणि वस्तूवर वळ उठत नाहीत.

चांदीकाम करणारे पत्रा खोलगट करायला शिशाचा ठोकळा खाली घेतात. मीही घेतो, पण भीतभीतच. शिशाचा एखादा कण चांदीला किंवा सोन्याला चिकटून राहिला आणि पुढे तो दागिना डाखासाठी तापवला, तर शिसे वितळून त्या धातूत शिरते आणि आरपार भोक पाडते. त्यामुळे मध्ये पातळ चामडे घ्या. नवशिक्यांना मी लाकडी ठोकळाच सुचवेन.

आता आकार बदलायचा म्हणजे पुन्हा वितळवणे आले. तुम्ही ओतकाम केलेले आहे, म्हणून तपशील सांगत नाही. फक्त गोळी ओतण्यापेक्षा मोठे वजन ओतण्यात काय वेगळे असते तेवढे सांगतो. गोळीचा धातूचा साचा तापलेला आणि कोरडा असतो. मोठ्या वजनासाठी लोक प्लास्टरचे, लाकडाचे, मातीचे साचे करतात, आणि धोका तिथेच असतो. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा घेते. प्लास्टर हाताला कोरडे लागले तरी आतून ओले असते. वितळलेल्या शिशाखाली थेंबभर ओलावा अडकला तरी शिसे तोंडावर उडते. प्लास्टर भट्टीत काही तास तापवून पूर्ण कोरडे केल्याशिवाय त्यात ओतू नका. भांडे लोखंडी किंवा पोलादी, अॅल्युमिनियमचे कधीही नाही, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही असेच. काम उघड्यावर, पूर्ण बाह्यांचे कपडे, चेहऱ्यावर ढाल. वर येणारी राखाडी मळी काढताना ती बारीक धुळीसारखी उडते आणि तीच सर्वात घातक. ती झाकणाच्या डब्यात जमा करा. आणि गोळ्यांत भर घालायला म्हणून जुन्या बॅटरीतले शिसे कधीही वितळवू नका. त्याच्या मळीतून अर्साइन आणि स्टिबाइन हे विषारी वायू निघू शकतात.

खरे तर मला वितळवण्याचा मोह टाळायलाच आवडते. जे आयते मापलेले आहे ते मोडून पुन्हा मापायचे कशाला? लंबकाच्या जुन्या घड्याळांची वजने म्हणजे पितळी नळकांड्यांत भरलेले शिसे. त्यात तूट असेल तर गोळ्या रचून ती भरून काढता येते आणि एकेक काढून घड्याळ किती कमी वजनावर निर्धोक चालते ते पाहता येते. मूळ वजनाहून जास्त मात्र घालू नका. जादा वजनाने घड्याळ नीट चालल्यासारखे वाटते, पण आतल्या धुऱ्या झिजतात.

घरच्या घरी गॅमा किरणांचा वर्णपट पाहणाऱ्यांचाही एक छोटा वर्ग आहे. त्यांना डिटेक्टरभोवती शिशाचे कवच लागते, आणि दोन नळकांड्यांच्या मधल्या फटीत गोळ्या भरून ते होते. सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचे किरण निम्मे करायला भरीव शिशाचा साडेसहा मिलिमीटरचा थर लागतो, सैल गोळ्यांचा साधारण १० ते ११ मिलिमीटरचा. गोळ्यांमधल्या सरळ फटी राहू नयेत म्हणून मध्ये बारीक छर्रे घाला. आतून आधी कथलाचा आणि मग तांब्याचा पातळ पत्रा लावा, नाहीतर शिशातून निघणारे क्ष-किरण वर्णपटात स्वतःचाच उंचवटा उठवतात. शिशात स्वतःचीही थोडी किरणोत्सारिता असते, लेड-२१० या शिशाच्याच किरणोत्सारी प्रकारामुळे, आणि त्याचे अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) २२ वर्षांचे. म्हणूनच इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातल्या शिशाच्या १२० विटा कवचासाठी घेतल्या. दोन हजार वर्षांत त्यातले लेड-२१० संपून गेले होते. छंदापुरते मात्र आपले शिसे पुरेसे.

आता ज्या गोष्टी करू नयेत त्या. गोळ्यांचे पेंडंट, कानातले, चावीची साखळी. दिसायला आकर्षक, विकतही मिळतात, आणि मला त्या पाहून खरोखर काळजी वाटते. साखळीतली गोळी दिवसभर हाताला घासते, तो हात जेवताना तोंडात जातो. वरचे लाखेचे आवरण महिन्या-दोन महिन्यांत उडते. शिवाय गोळीच्या आकाराची वस्तू घेऊन विमानतळावर गेलात तर सामान उघडून उत्तरे देत बसावे लागेल. मुलांच्या खेळण्यांत, डोलणाऱ्या बाहुल्यांत, शर्यतीच्या लाकडी गाड्यांत शिसे घालू नका. तिथे टंगस्टन घ्या, त्याची घनता १९.३ आहे, किंवा पोलाद. मत्स्यालयात रोपे बुडवून ठेवायला नको, फुलदाणीत नको, स्वयंपाकघरात कुठल्याही रूपात नको. पडद्याच्या काठात गोळ्या शिवायचा सल्ला अनेक जण देतात. पडदा धुतला जातो, त्याचे कोपरे रांगती मुले चोखतात, म्हणून मी तो देत नाही. तिथे पोलादी साखळी घाला.

मासेमारीच्या गळाला वजन म्हणून गोळी लावणे ही बहुतेकांच्या डोक्यात येणारी पहिली कल्पना. मीही एके काळी गोळ्यांना आरपार भोके पाडून वापरल्या आहेत, आता वापरत नाही. तुटलेल्या दोरीबरोबर वजन तळाशी राहते, हंस आणि इतर पाणपक्षी खडे म्हणून ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंसांच्या मृत्यूंमुळेच १९८७ मध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या ८, १० आणि १५ ग्रॅमच्या गोळ्या बरोबर त्याच टप्प्यात बसतात.

काळजीचा भाग मी शेवटी लिहितो आहे, पण प्रत्यक्ष कामाची सुरुवात यानेच करा. घन शिसे हातात धरल्याने ते कातडीतून फारसे आत जात नाही. ते जाते तोंडावाटे आणि श्वासावाटे, धूळ होऊन. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. रक्तातून ते हाडांत जाते आणि तिथे दशकानुदशके राहते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. म्हणून काम करताना खाणे-पिणे-धूम्रपान बंद, हातमोजे, नंतर साबणाने हात आणि चेहरा धुणे, कामाचे कपडे वेगळे. टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडू आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही धूळ हवेत उडवतात. घरात गर्भवती बाई किंवा लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नका. आणि तुम्ही वर्षानुवर्षे ओतकाम केले असेल, तर एकदा रक्तातले शिसे तपासून घ्या. मी दरवर्षी घेतो.

तुमच्या डब्यांत काही गोळ्या पांढऱ्या पडल्या असतील. त्या वाजवून, झटकून पाहू नका. तो पांढरा थर म्हणजे वर सांगितलेला सफेदाच. तेलाने भिजवलेल्या फडक्याने उचला, बंद पिशवीत ठेवा आणि धातू पुनर्वापरासाठी घेणाऱ्याकडे शिसे म्हणून सांगून द्या. कचऱ्यात टाकू नका. उरलेल्या चांगल्या गोळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या करा, झाकणाच्या डब्यांत भरा, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

१७७६ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमधला तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा लोकांनी पाडला आणि त्याचे तुकडे वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्या, अशी नोंद आहे. तुम्ही उलटी वाट धरली आहे, म्हणून एक शेवटची विनंती. ज्या वस्तूत गोळ्या बसवाल तिच्या बुडाला, कापडाखाली का होईना, पुसणार नाही अशा शाईने 'आत शिसे आहे' असे लिहा आणि शेजारी वर्ष घाला. पन्नास वर्षांनी तो मोहरा, ती मोगरी किंवा तो दिवा कोणीतरी करवतीने कापेल किंवा शेगडीत टाकेल. त्याला तेव्हा हे कळायला हवे.